देखाव्याचं साल कोणतं?

आजचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने विमानाच्या खेळावर काय बोलायचं? पण आपण कादंबरीवर टीका करतो, नाटकावर करतो, चित्रावर करतो, कारण या गोष्टी जगाबद्दल काहीतरी म्हणत असतात. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये दिसणारी मुंबईसुद्धा मुंबईबद्दल काहीतरी म्हणते. ते काय म्हणते, खरं म्हणते का, आणि खोटं असेल तर ते कोणत्या प्रकारचं खोटं, एवढंच आज तपासायचं आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकावर विमान चालवण्याचा हा आभास आहे. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली आला. त्यात जमीन म्हणजे चार रेषा, शिकागोच्या काठावरची मोजकी ठोकळेवजा घरं आणि तळ्याकाठची छोटीशी धावपट्टी. २०२० साली त्याच नावाचा नवा अवतार आला आणि त्यात अख्खी पृथ्वी आली. एक्स-प्लेन आणि फुकट मिळणारा फ्लाइटगिअर हे त्याचे भाऊबंद. या सगळ्यांत शहर दोन थरांत उभं राहतं. एक थर यंत्राने आपोआप भरलेला असतो. दुसरा माणसाने हाताने ठेवलेल्या वस्तूंचा: एखादं देऊळ, पूल, टाकी, चिमणी. या दुसऱ्या थराला कस्टम सीनरी म्हणतात. आपण त्याला देखावा म्हणू. लालबागमध्ये हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

आधी यंत्राचा थर पाहू. २०२०च्या सिम्युलेटरमध्ये बऱ्याच जगासाठी यंत्र आकाशातून घेतलेले फोटो बघतं, छप्पर कुठे आहे, कसं आहे, झाडं कुठे आहेत ते ओळखतं, आणि त्या खुणांवरून आपल्या मनाने इमारत उभी करतं. म्हणजे छपरावरून घराचं अनुमान. धुरावरून अग्नीचं अनुमान आपल्याकडे जुनं आहे, हे त्यातलंच. पण अनुमानाला व्याप्ती लागते: जिथे जिथे असं छप्पर तिथे तिथे असं घर, हा नियम आधी सिद्ध व्हायला हवा. तो सिद्ध नसताना अनुमान केलं की काय होतं ते जगाने पाहिलं. लंडनचा बकिंगहॅम राजवाडा सुरुवातीला ऑफिसची इमारत म्हणून उभा राहिला. मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात दोनशे बारा मजली सुळका उगवला, कारण खुल्या नकाशात कोणीतरी दोनच्या जागी २१२ मजले टंकले होते. लोक हसले, त्या सुळक्यावर विमानं उतरवायचा प्रयत्न करू लागले, विषय संपला.

आम्हाला यात हसण्यापेक्षा वेगळी गोष्ट दिसते. या चुका पकडल्या गेल्या, कारण राजवाडा सगळ्यांना माहीत आहे आणि सुळका कोणालाही खटकतो. गिरगावात मुगभाटातली एखादी चाळ काचेच्या तावदानांची इमारत म्हणून उगवली, तर ती कोणाला खटकणार? तिथे राहिलेल्याला, आणि बहुतेक वेळा तो सिम्युलेटर चालवत नाही. शिवाय चाळीचं चाळपण छपरात नसतंच. ते असतं छपराखालच्या सामाईक गॅलरीत, जिन्यात, मधल्या चौकात. आकाशातून बघणाऱ्याला छपराने नेमकं तेच झाकलेलं असतं. तेव्हा इथे यंत्राची नजर कमजोर आहे असं म्हणून भागत नाही. वरून बघण्याच्या पद्धतीलाच ही गोष्ट दिसत नाही.

म्हणून हाताने ठेवलेल्या वस्तूला महत्त्व येतं. फ्लाइटगिअरचं उदाहरण घेऊ, कारण तिथे सगळं उघड्या मजकुरात असतं, कोणीही वाचावं. वस्तू मांडण्याच्या फाइलमध्ये एका वस्तूला एक ओळ. या ओळींचे दोन प्रकार मुख्य. एका प्रकारच्या ओळीच्या सुरुवातीला लिहितात शेअर्ड: म्हणजे एकच नमुना जगात हजार ठिकाणी वापरायचा. दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहितात स्टॅटिक: म्हणजे ही वस्तू एकमेव, या एका जागेसाठीच बनवलेली. न्यायसूत्रांत प्रश्न आहे की 'गाय' या शब्दाचा अर्थ काय: ही समोरची गाय, गायीचा आकार, की गोत्व? व्यक्ती, आकृती की जाती? गोतमाचं उत्तर असं की अर्थात तिन्ही येतात. प्रसंग पाहून कधी एक मुख्य होतं, कधी दुसरं. देखावा मांडणाऱ्या मुलाला प्रत्येक ओळीच्या पहिल्या शब्दात हाच निर्णय करावा लागतो. ही इमारत मी जाती म्हणून ठेवू की व्यक्ती म्हणून?

इथे घाईने असं म्हणायचा मोह होतो की व्यक्ती म्हणजे खरं आणि जाती म्हणजे खोटं. तसं नाही. बीडीडी चाळी घ्या. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला अधिक तीन, एकेका इमारतीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फूट. त्या मुळातच एका नमुन्याच्या नकला होत्या. सरकारनेच तिथे शेअर्ड लिहिलं होतं म्हणा ना! नायगावात एकच नमुना बेचाळीस वेळा ठेवणारा मुलगा खोटं बोलत नाही. कामगाराकडे जाती म्हणून बघणाऱ्या व्यवस्थेचं तो अचूक चित्रण करतो. याउलट खोताची वाडी. तिथलं प्रत्येक घर वेगळं: कोणाचा लाकडी जिना बाहेरून, कोणाचा सज्जा गल्लीवर झुकलेला. तिथे एक सुबक 'जुनं घर' बनवून ते पंधरा वेळा चिकटवलं, तर ते दिसायला कितीही गोड असलं तरी खोटं आहे. खरेपणा आला तो नमुना आणि जागा यांच्या नात्यातून. तपशिलाच्या बारकाव्याने तो येत नाही. टीकाकाराने पहिल्यांदा हे नातं तपासावं.

आता त्या ओळीतले पुढचे रकाने. अक्षांश, रेखांश, उंची, तोंड कोणत्या दिशेला. काही सिम्युलेटरांत प्रमाणही, म्हणजे वस्तू किती पट मोठी वा लहान. हे सगळे आकडे म्हणजे विधानं आहेत. 'ही चिमणी इथे आहे, जमिनीपासून इतकी उंच आहे' हे विधान खरं किंवा खोटं असू शकतं. उंचीचंच पाहा. ती जमिनीपासून मोजायची की समुद्रसपाटीपासून, हे ठरवावं लागतं. समुद्रसपाटीपासून मोजली आणि पुढे सिम्युलेटरने जमिनीचा चढउतार सुधारला, की इमारत एक तर हवेत तरंगते, नाहीतर पोटापर्यंत गाडली जाते. मलबार हिलच्या उतारावर हा प्रकार चटकन दिसेल.

आणखी एक गंमत, पण गंमतीच्या पोटात मुद्दा आहे. एक्स-प्लेन पृथ्वीचे एक अंश बाय एक अंश असे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाची स्वतंत्र फाइल ठेवतं. फाइलचं नाव म्हणजे नैऋत्य कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश. आता १९ अंश उत्तर ही रेषा मुंबईत कुठून जाते? करी रोड आणि परळ या दोन स्टेशनांच्या मधून! म्हणजे गिरगाव, चिंचपोकळी, लालबाग अठराच्या फाइलमध्ये. केईएम, परळ स्टेशन, दादर एकोणिसाच्या फाइलमध्ये. ज्याला 'गिरणगाव' म्हणून एक देखावा करायचा आहे त्याला तो दोन फाइलींत चिरावा लागतो. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. रेषा कुठून तरी जाणारच. पण अंशांचा भूगोल आणि वस्तीचा भूगोल एक नाहीत, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. लालबाग-परळ हा शब्द आपण एका श्वासात बोलतो. यंत्राला तो दोन श्वासांत घ्यावा लागतो.

इथून आपण मुख्य मुद्द्याकडे वळू. देखावा मांडताना ठेवण्याइतकंच काढणंही असतं. यंत्राने आधीच तिथे काहीबाही उगवलेलं असतं. ते हटवल्याशिवाय आपली वस्तू बसत नाही. बसवली तर दोन इमारती एकमेकींत घुसतात. म्हणून एक चौकोन आखायचा आणि सांगायचं की या हद्दीत काही उगवू नये. काय वगळायचं तेही निवडता येतं: इमारती, झाडं, रस्ते. याला एक्स्क्लूजन म्हणतात. वगळणूक. चौकोनात मग मोकळी जमीन उरते.

आपल्या नैयायिक-वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार सांगितले. त्यांतले दोन आज पुरेत. अत्यंताभाव, म्हणजे जे तिथे कधी नव्हतंच आणि कधी असणार नाही. आणि प्रध्वंसाभाव, म्हणजे जे होतं, नष्ट झालं, आणि त्या नाशातून जो अभाव सुरू झाला तो. घडा फुटल्यानंतरचं घड्याचं नसणं. शिवाय प्रत्येक अभावाला प्रतियोगी लागतो: नसणं हे नेहमी कशाचं तरी नसणं असतं. आता सिम्युलेटरमधला तो मोकळा चौकोन बघा. तिथे पूर्वी गिरणी होती की खाजण होतं, हे चौकोन सांगत नाही. प्रध्वंसाभाव आणि अत्यंताभाव तिथे सारखेच दिसतात. ज्या शहरात लोअर परळसारखी वस्ती आहे, त्या शहराबद्दल ही चूक किरकोळ नाही.

कारण तिथे झालं काय? १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, दत्ता सामंतांचं नेतृत्व. पहिला फ्लाइट सिम्युलेटर आला तेच हे साल. संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. १९९१च्या विकास नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी खुल्या करण्याची वाट काढली, २००१च्या दुरुस्तीने ती वाट बिल्डरांसाठी रुंद केली. श्रीनिवास मिलच्या जागी आज २८० मीटर उंचीचा वर्ल्ड वन मनोरा उभा आहे. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, आणि त्या मॉलमध्ये गिरणीची चिमणी राखलेली आहे. नीट पाहिलं तर तो कस्टम सीनरीचाच प्रकार: भोवतालचं सगळं वगळलं आणि एक वस्तू जागच्या जागी ठेवली. आकृती तीच राहिली. पण धूर नाही, बॉयलर नाही, पाळ्या नाहीत. चिमणीची जाती बदलली. ती आता शोभेची वस्तू आहे. तेव्हा सिम्युलेटरवाल्या मुलांना आपण एकटंच दोषी धरू नये. त्यांच्या आधी खऱ्या शहराने ही युक्ती केलेली आहे.

शिकागोची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहा. मेग्ज फील्ड ही तीच तळ्याकाठची धावपट्टी, जिच्यावरून वर्षानुवर्षं मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये पहिलं उड्डाण सुरू होई. मार्च २००३च्या अखेरीस एका रात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर लावून ती उखडली. पुढे २००६च्या आवृत्तीत ती नव्हती, तर शौकिनांनी स्वतः देखावा बनवून ती परत बसवली. का? कारण जगभरच्या हजारो लोकांचं पहिलं उड्डाण तिथून झालं होतं. स्क्रीनवर ज्याला एकदा जागा मिळाली त्याचा शोक करणारे मिळतात. आपल्या गिरण्यांना ती जागा कधी मिळालीच नाही. सिम्युलेटर इतके तपशीलवार होईपर्यंत गिरण्या संपल्या होत्या. मेग्ज आधी स्क्रीनवर आणि मग स्मृतीत गेली. गिरण्या फक्त स्मृतीत आहेत, आणि ती माणसं आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सिम्युलेटर हे विमान चालवण्यासाठी आहे, इतिहासाचं पुस्तक नाही. वैमानिकाला उपयोगी पडेल तेवढं दिसलं की पुरे. ठीक आहे, त्यांच्याच मापाने मोजू. डोळ्यांनी वाट ओळखत उडणाऱ्याला काय हवं असतं? दुरून दिसणारी, दुसऱ्या कशाशी गल्लत न होणारी उंच खूण. गिरणगावची चिमणी याच वर्णनाची वस्तू होती! तेव्हा चिमणी वगळण्याला उड्डाणाचं कारण देता येत नाही. खरं कारण साधं आहे: विमानतळाचे तपशीलवार संच विकले जातात, कारण प्रत्येकाला तिथे उतरायचं असतं. परळला कोणी उतरत नाही.

मग दोष नेमका कुठे आहे? आमच्या मते एका रकान्यात. अक्षांश आहे, रेखांश आहे, उंची आहे, दिशा आहे, साल नाही. सिम्युलेटरमध्ये तारीख बदलता येते. जानेवारीतला दिवस निवडा, सूर्य त्या दिवसाच्या जागी येतो, सावल्या लांब पडतात. इमारती मात्र हलत नाहीत. त्यामुळे चिमणी आणि तिच्या जागी आलेला मनोरा एकाच आकाशाखाली शेजारी उभे करता येतात आणि कोणालाच काही वावगं वाटत नाही. प्रत्येक वस्तू वेगवेगळी तपासली तर खरी, आणि सगळं मिळून असं एक शहर जे कोणत्याच दिवशी अस्तित्वात नव्हतं. यंत्राचा थर एका प्रकारे खोटा, हा दुसऱ्या प्रकारे. आणि हा दुसरा जास्त फसवतो, कारण यात मायेने केलेलं काम असतं.

याचा उपाय बाहेरून आणायची गरज नाही. दिवाळीत मुलं किल्ला करतात. त्यात महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, मावळा तोफेएवढा असतो. प्रमाणाचा रकाना पार बिघडलेला! तरी कोणी फसत नाही, कारण तिथे आकार म्हणजे मान, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि गणपतीचे देखावे पाहा. लालबागच्या गणेश गल्लीत १९२८पासून उत्सव आहे आणि मोठमोठ्या मंदिरांच्या प्रतिकृतींसाठी ती ओळखली जाते. मंडपाच्या देखाव्याची रीत काय? कशाची प्रतिकृती आहे ते फलकावर लिहिलेलं असतं. आणि विसर्जनानंतर तो देखावा उतरतो. कशाचा, आणि किती दिवसांचा, या दोन्ही गोष्टी उघड असतात. म्हणून तो कितीही भव्य असला तरी खोटा ठरत नाही. कस्टम सीनरीला कौशल्य भरपूर आहे. नाही तो हा फलक.

तेव्हा आपली कसोटी अशी. देखावा किती तपशीलवार आहे हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: तो आपलं साल सांगतो का, आणि आपण काय वगळलं ते सांगतो का? जो हे दोन्ही सांगतो तो साध्या ठोकळ्यांचा असला तरी विश्वासाला पात्र. जो सांगत नाही त्याची वीट न् वीट मोजून बसवलेली असली तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

वेळ संपत आली आहे, पण एक चिठ्ठी आलेली आहे ती वाचतो. 'नातू कॉम्प्युटरवर आमच्या वेळची गिरणी बसवतो म्हणतो. त्याला काय सांगू?' लिहिणारे बहुधा कामगार असावेत. आजोबा, त्याला आधी साल निवडायला सांगा. १९७५ म्हणा, १९८१ म्हणा, पण एकच. मग त्या सालात जे नव्हतं ते त्याने काढावं, उड्डाणपूलसुद्धा. तुमच्याजवळ बसून त्याने विचारावं: गेट कोणत्या बाजूला होतं, भोंगा कुठे होता, पाळी सुटल्यावर माणसं कोणत्या रस्त्याने निघत. चिमणीचं तोंड नसतं, पण गिरणीला तोंड होतं. दिशेचा आकडा तुम्हीच सांगू शकता. जे आठवत नाही तिथे त्याने अंदाजाने ठोकळा ठेवावा आणि तो अंदाज आहे असं लिहावं. आणि वस्तूंच्या फोल्डरमध्ये मजकुराची एक छोटी फाइल ठेवावी: हे अमुक साल, इथली अमुक गोष्ट वगळली आहे, ही माहिती अमक्या खात्यात काम केलेल्या माणसाने दिली. तुमचं नाव त्यात घालायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

भोंगा मात्र विमानातून ऐकू येणार नाही. त्यासाठी नातवाला खाली उतरावं लागेल.